वैरभावाने

वरच्या कुरणातलं गवत कापणीला आलं होतं आणि आम्ही खालच्या फाटकापाशी उभे राहून नुसतं त्याच्याकडे बघत होतो. जुलै संपत आला होता. त्या उंचीवर गवत उशिरा तयार होतं, पण झालं की कुणासाठी थांबत नाही. चार दिवस कडक ऊन लागलं की तुऱ्यातून बी गळतं आणि काडी खडखडीत होते. तसलं गवत खाऊन गाईचं पोट फुगतं आणि बरगड्या वर येतात.

फाटकाला साखळी होती आणि साखळीला नवं कोरं कुलूप. माझा नवरा टॉड फाटकाच्या नळीवर कोपर टेकून दात कोरत होता. सासूबाई, म्हणजे वर्ना लुंडग्रेन, पिकअपमध्ये काच वर करून बसल्या होत्या. उन्हाळ्यात काच वर करून बसणं म्हणजे राग, हे आमच्या घरात कुत्र्यालासुद्धा कळतं.

ती वाट आमच्या गोठ्यामागून निघते, ओढा ओलांडते, मॅकअर्डलांच्या रानातून चढते आणि आमच्या कुरणात जाऊन संपते. खालचं रान आमचं, वरचं कुरण आमचं, मधला तुकडा त्यांचा. माझ्या आजेसासऱ्यांनी घोडे जुंपून ती वाट कोरली होती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमचं गवत त्याच वाटेनं खाली यायचं आणि त्याच गवतावर आमच्या गाई मोंटानाचा हिवाळा काढायच्या. वाट गेली की कुरण गेलं, आणि कुरण गेलं की गाई गेल्या. गाईंशिवाय आम्ही कोण, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

कुलूप लावलं कर्टिस मॅकअर्डलनं. त्याचे वडील हँक आणि आई आयरिस दोघेही गेले, तेव्हा हा बिलिंग्जची नोकरी सोडून गावी परतला. मग बाहेरच्या राज्यातलं कुणी गिऱ्हाईक शिकारीसाठी जमीन घ्यायला आलं आणि त्यानं अट घातली, की जमिनीतून दुसऱ्या कुणाची वाट असता कामा नये. कर्टिसनं आम्हाला सांगितलं, की वाट ही बापाची मेहेरबानी होती, बापाबरोबर ती संपली. टॉड म्हणाला, मेहेरबानी तुझ्या घरी ठेव, वाट आमचा हक्क आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या खोऱ्यात शहाणे कमीच.

खटला आमच्या काउंटीच्या कोर्टात चालला. आमच्या बाजूनं बक्स्टन वकिलांची पेढी होती. त्यांनी कायदा समजावून सांगितला तो असा, की दुसऱ्याच्या रानातली वाट तुम्ही वर्षानुवर्षं उघडपणे, आपलीच समजून वापरलीत तर ती हक्काची होते. पण परवानगी घेऊन वापरलीत तर शंभर वर्षांनीसुद्धा ती मेहेरबानीच राहते. म्हणजे इथं उद्धट माणसाला वाट मिळते आणि सभ्य माणसाला कुलूप. मी हे बक्स्टनसाहेबांना बोलून दाखवलं, तर ते नुसते हसले.

साक्षीला सासूबाई उभ्या राहिल्या, निळा ड्रेस घालून, चर्चला जाताना घालतात तो. कर्टिसचा वकील गोड आवाजाचा होता. त्यानं विचारलं, दर वर्षी कापणीच्या आधी तुम्ही मॅकअर्डलांकडे जायचात ना?

"जायचे. रानचेरीच्या जॅमची बरणी घेऊन."

"विचारायला?"

"हो तर. विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या रानातून जातं का?" असं म्हणून सासूबाईंनी जज्जांकडे असं पाहिलं, जणू त्यांनाही चार रीती शिकवाव्यात.

इथंच आमचं घोडं पेंड खायला लागलं. बक्स्टनसाहेबांची मान खाली गेली. आमच्या खोऱ्यात 'विचारायला जाणं' म्हणजे काय, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. गुरुवारी ट्रॅक्टर वर नेतोय, तुमचे वळू बाजूला घ्या, एवढं सांगायला जाणं. पण तोंडातून बाहेर पडताना ते 'विचारणं'च असतं, कारण शेजाऱ्याच्या दारात उभं राहून 'सांगायला आलोय' असं कुणी म्हणत नाही.

वकिलानं मग आणखी एक दोरी ओढून बघितली. "आणि हँक मॅकअर्डल कधी नाही म्हणाले का?"

सासूबाई गोंधळल्या. "नाही? कशाला नाही?"

कोर्टात हशा पिकला. वकीलही हसला, म्हणाला, राहू दे, बसा. सासूबाईंचे कान लाल झाले होते. आपण काय चुकीचं बोललो हे त्यांना कळलं नव्हतं, पण लोक म्हातारी म्हणून हसले एवढं कळलं. तो निळा ड्रेस त्यांनी पुन्हा अंगाला लावला नाही. निकाल आमच्या विरुद्ध गेला. विचारलं म्हणजे परवानगी मागितली, परवानगी म्हणजे मेहेरबानी, आणि ती काढून घ्यायचा कर्टिसला अधिकार आहे.

म्हणून आम्ही फाटकाशी उभे होतो.

बक्स्टनसाहेबांनी मग आम्हाला हेलेनाच्या मॉरीन हार्किन यांच्याकडे पाठवलं. ही बाई फक्त अपिलं लढवायची. राज्यातल्या पेढ्या आपले हरलेले पक्षकार तिच्याकडे धाडायच्या आणि त्यातले बरेचसे ती जिंकून परत पाठवायची, असं म्हणत. आम्ही जायच्या आधी तीच आमच्याकडे आली. जाडजूड, पांढरे केस, पायात गड्यासारखे बूट. तिनं गोठा पाहिला, वाट पाहिली, कुलूप हातात घेऊन पाहिलं आणि मग आमच्या स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसली.

टॉडला बोलायचं होतं. वर्षभराचं तुंबलेलं होतं त्याच्या पोटात. तो म्हणाला, मी शाळेत होतो तेव्हा हँकनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं होतं, की ही वाट तुमचीच आहे, मी फक्त फाटक सांभाळतो.

हार्किनबाईंनी कप खाली ठेवला. "हे कोर्टात सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

"मग ते घडलंच नाही."

तिनं शांतपणे समजावलं. वरच्या कोर्टात नवा साक्षीदार नाही, नवा कागद नाही. खाली जे बोललात ते टाइप होऊन वर गेलंय. सात जज्ज तेवढंच वाचणार. त्यात आहे त्यावर जगायचं, नाहीतर मरायचं.

सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्हणजे मी करून ठेवलेली घाण आता धुता येणार नाही."

"धुता येणार नाही," हार्किनबाई म्हणाल्या. "पण ती घाणच आहे का, हे त्यांना नीट बघायला लावता येईल."

मला ती बाई तेव्हाच आवडली. टॉडला आवडली नाही. जी आपलं ऐकूनच घेत नाही ती आपल्यासाठी काय भांडणार, असं तो दिवसभर पुटपुटत होता.

अपिलाचा निकाल लागेपर्यंत कुलूप तसंच राहणार होतं. गवताला हे कोण सांगणार? टॉडनं ठरवलं, की डोंगराच्या पाठीमागून जायचं. तिकडून सरकारी जंगलातला लाकूडतोड्यांचा एक जुना रस्ता कुरणाच्या माथ्यावर येतो. मोठा ट्रॅक्टर तिथं मावत नाही. म्हणून शेडच्या कोपऱ्यात गंजत पडलेला सासऱ्यांच्या काळचा छोटा ट्रॅक्टर बाहेर काढला, त्याला दात्यांचं जुनं कापणीयंत्र जोडलं, आणि हातानं उचलता येतील अशा लहान गासड्या बांधायच्या ठरवल्या.

कधी नव्हे ते आम्ही इतके राबलो. दाते दगडाला लागले की टॉड खाली उतरून कानस घेऊन बसायचा. मी गासड्या उचलून ट्रेलरवर टाकायची. दोरीनं बोटांची सालं निघाली, भुसा मानेतून आत शिरून घामावर चिकटला, हाताच्या आतल्या बाजूला गवतानं बारीक रेघोट्या ओढल्या त्या आंघोळ करताना पेटायच्या. सासूबाई ऐकेनात. अठ्ठ्याहत्तरीच्या बाई, पण दाताळं घेऊन सुटलेलं गवत ओढत होत्या. त्यांना घरी बसा म्हणायची टॉडची हिंमत नव्हती, माझी तर नव्हतीच.

परतीचा उतार वाईट होता. तिसऱ्या की चौथ्या खेपेला वळणावर ट्रेलर ट्रॅक्टरला मागून ढकलू लागला. ब्रेक धरेनात. टॉडनं चाक डोंगराच्या अंगाला घातलं आणि उडी मारली. ट्रॅक्टर दरडीला लागून थांबला, ट्रेलर आडवा झाला आणि गासड्या एकामागून एक उड्या मारत खाली गेल्या. टॉड खांदा धरून बसला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्याचा शर्ट फाडून हात गळ्यात बांधला, तेव्हा तो माझ्याकडे न बघता खाली बघत होता.

गासड्या मॅकअर्डलांच्या कुंपणापलीकडे जाऊन पडल्या होत्या. काटेरी तार ओलांडून त्या आणायला जायचं म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत घुसणं, आणि कर्टिसच्या वकिलानं त्याबद्दल पत्र पाठवून आधीच दटावलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही वरून बघितलं. कर्टिसच्या गाई आमच्या गासड्या फोडून खात होत्या. टॉड मागे वळून चालू लागला. मी मात्र तारेवर थुंकले. सासूबाई रागावल्या. कर्टिसवर नाही, माझ्यावर. म्हणाल्या, जनावराला काय कळतं कुणाचं गवत.

टॉडचा खांदा पुढे नीट झालाच नाही. शरद ऋतूत एक तृतीयांश गाई विकायला काढल्या. ज्यांच्या आया, आज्या याच गोठ्यात व्यायल्या, त्या एकेक करून ट्रकमध्ये चढल्या. टॉड एका हातानं फळी धरून होता. उरलेल्यांना पुरेल एवढं गवत होतं, पण पुढच्या वर्षी कुरण नाही मिळालं तर त्याही जाणार, हे आम्हा तिघांना माहीत होतं.

जानेवारीत हार्किनबाईंचा मसुदा आला. कोर्टात दाखल करायच्या आधी वाचून कळवा, अशी वर चिठ्ठी होती. मालमत्ता सासूबाईंच्या नावावर, म्हणून अपीलही त्यांच्या नावावर होतं. बाहेर बर्फ पडत होता, मी गाईंना चारा टाकून आत आले होते, हात शेकत होते. सासूबाई टेबलाशी भिंग घेऊन बसल्या होत्या. एकाएकी त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"अपीलकर्त्या वर्ना लुंडग्रेन व त्यांचे दिवंगत पती ऑर्विल यांनी सदर वाट मॅकअर्डल कुटुंबाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, अखंडपणे व वैरभावाने वापरली."

भिंग त्यांनी खाली ठेवलं. "हे मी कधी म्हटलं?"

टॉड म्हणाला, वकिलांची भाषा असते ती. त्यांनी ऐकलं नाही. फोन लावला तो थेट हार्किनबाईंनाच, आणि मी शेजारी उभी असल्यामुळे पलीकडचं सगळं मलाही ऐकू येत होतं. हार्किनबाई सांगत होत्या, की कायद्यात वैर म्हणजे भांडण नव्हे. परवानगीवर न अवलंबता, आपलं म्हणून वापरणं, एवढाच त्याचा अर्थ.

"मग तसंच लिहा," सासूबाई म्हणाल्या.

"तसं लिहिलं तर हरू. कोर्टाला हाच शब्द लागतो, मिसेस लुंडग्रेन. तो नसला तर हक्क उभाच राहत नाही."

"आयरिस मॅकअर्डलला मी न्हाऊ घातलंय. शेवटचा अख्खा हिवाळा. तिच्या अंगात नुसती हाडं उरली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. आणि तुम्ही लिहिता वैर?"

मग हार्किनबाई म्हणाल्या, "हे कोर्टात कुणी बोललं नाही, हे आपलं नशीब आहे. कृपा करून आताही कुणाजवळ बोलू नका."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि जाहीर केलं, की अपील काढून घेणार. नाव माझं, सही माझी, मी काढून घेणार.

टॉडचा तोल गेला. मी त्याला आईसमोर आवाज चढवताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "काढून घे. मग उरलेल्या गाई पण वीक, आणि मला पण वीक. तुझ्या एका 'विचारलं'पायी माझा हात गेला, आई. आता एका शब्दापायी सगळंच घालव."

बोलून तो स्वतःच घाबरला. सासूबाई मात्र शांत होत्या. बरोबर बोललास, एवढंच म्हणाल्या आणि कोट चढवू लागल्या. मला म्हणाल्या, नोला, गाडी काढ, कर्टिसकडे जायचंय. समोरासमोर बसलं की माणसाला माणूस कळतं, वकिलांना मध्ये घातलं म्हणून हे झालं.

मॅकअर्डलांच्या दारात त्या रिकाम्या हातानं गेल्या. मी गाडीजवळ थांबले. कर्टिसनं आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं मात्र तसंच ठेवलं. चाळिशीचा उंच माणूस, आईसारखे खोल डोळे. सासूबाई म्हणाल्या, जरा आत येऊन बोलायचं होतं.

"वकिलानं तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, वर्ना."

"मी तुझ्या वकिलाशी नाही बोलायला आले."

तो जाळीमागे उभा राहिला. त्याला बोलायचं होतं असं मला वाटलं, पण मला काय, मला बरंच काही वाटतं. शेवटी तो म्हणाला, "पायरीवर बर्फ आहे, जपून उतरा." आणि त्यानं दार लावलं.

ज्या घरात त्या हिवाळाभर बादल्या उचलून आत गेल्या होत्या, त्या घराच्या पायरीवर सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. मी जाऊन त्यांचा दंड धरला. गाडीत बसल्यावर त्यांनी काच वर केली. घरी आल्यावर म्हणाल्या, "लिहू दे त्या बाईला काय लिहायचं ते."

सुनावणी एप्रिलमध्ये झाली. वासरं होण्याचे दिवस, गोठा सोडणं जिवावर आलं होतं, पण तिघेही गेलो. वासरं ओढून काढतानाच्या रक्ताचा वास माझ्या नखांतून गेला नव्हता. समोर उंचावर सात जज्ज. मधल्या वाटेच्या पलीकडे कर्टिस, गुडघ्यावर टोपी. आम्हाला फक्त बसायचं होतं. आपल्याच वाटेबद्दल सगळे बोलणार आणि आपण तोंड उघडायचं नाही, हे टॉडला सोसत नव्हतं. त्याचा चांगला हात सारखा खुर्चीच्या कडेवरून फिरत होता.

हार्किनबाई बोलायला उठल्या आणि चष्मेवाल्या एका म्हाताऱ्या जज्जांनी त्यांना पहिल्याच वाक्यात अडवलं. तुमच्या पक्षकार स्वतः शपथेवर म्हणाल्यात, की दर वर्षी विचारायला जायचो. आता यापुढे राहिलं काय?

सासूबाईंनी मान खाली घातली.

"म्हणाल्या," हार्किनबाई म्हणाल्या. "माझी आई स्वतःच्या घरात पाहुण्यांसमोर खुर्चीवर बसताना विचारायची, बसू का मी? घर तिचंच होतं, साहेब. खुर्चीही."

दोन जज्ज हसले, चष्मेवाले हसले नाहीत. हार्किनबाईंनी पान उलटलं. मग त्या अगदी सपाट आवाजात वाचू लागल्या. प्रश्न, हँक मॅकअर्डल कधी नाही म्हणाले का? उत्तर, नाही? कशाला नाही? त्यांनी कागद खाली ठेवला. "इथं लोक हसले, अशी नोंद आहे. मी जितक्या वेळा हे वाचलं तितक्या वेळा मला वाटलं, की हसण्यासारखं यात काहीच नाही. परवानगी मागणाऱ्याला नकार माहीत असतो. तो ऐकायची तयारी ठेवूनच तो दारात जातो. या बाईंना तो प्रश्नच कळला नाही. इतक्या वर्षांत तो शब्द त्यांच्या मनात आलाच नव्हता, कारण वाट त्यांची होती. त्या फक्त कधी येणार ते कळवायला जात होत्या."

या वेळी कुणी हसलं नाही. सासूबाईंनी मान वर केली. खालच्या कोर्टात ज्या वाक्यानं त्यांचं हसं झालं होतं, तेच वाक्य आता सात जण पुढ्यातल्या कागदात शोधून वाचत होते.

मग कर्टिसचा वकील उठला. तो म्हणाला, ही दोन घरं जिवाभावाची होती, एकमेकांच्या सुखदुःखात होती, तिथं वैर कसलं, तिथं सगळी शेजारधर्माची परवानगीच. चष्मेवाल्या जज्जांनी विचारलं, या जिवाभावाचा पुरावा नोंदीत कुठे आहे? वकिलानं कागद चाळले. जॅमच्या बरणीचा उल्लेख आहे, असं तो म्हणाला. आणखी? तो पुन्हा चाळू लागला.

सासूबाईंचा हात माझ्या मांडीवर होता, तो एकदम घट्ट झाला. आयरिसचा तो हिवाळा अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होता. फक्त त्या कागदांना ठाऊक नव्हता. मी कर्टिसकडे पाहिलं. तो आपल्या वकिलाकडे बघत नव्हता. तो सासूबाईंकडे बघत होता, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"आणखी काही नाही," वकील म्हणाला.

निकाल जूनमध्ये आला. पाच विरुद्ध दोन. खालचा निकाल रद्द, वाट लुंडग्रेनांच्या हक्काची. हार्किनबाईंनी फोनवर टॉडला सांगितलं आणि वर बजावलंही, की आता कुणाला विचारायला जाऊ नका, जॅम नको, बरणी नको, सरळ जायचं. टॉड ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या दुखऱ्या खांद्यावर डोकं ठेवलं, तो हसतही होता आणि ओरडतही होता. सासूबाई आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसल्या. कर्टिसचं गिऱ्हाईक मागे फिरलं, असं आठवड्याभरात कानावर आलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

जुलैच्या शेवटी आम्ही वर निघालो. पुढे टॉड मोठ्या ट्रॅक्टरवर, मागे मी आणि सासूबाई पिकअपमध्ये. फाटकाची साखळी गेली होती. फाटक मात्र बंद होतं आणि त्याच्याजवळ कर्टिस उभा होता, हातात तार ताणायचा पाना. त्यानं कुंपण दुरुस्तीचं निमित्त काढलं होतं, हे सांगायला नको.

टॉड थांबला. आता हमरीतुमरी होणार म्हणून मी खाली उतरले. पण कर्टिसनं आमच्याकडे पाहिलंच नाही. तो पिकअपच्या काचेशी आला आणि सासूबाई उतरेपर्यंत थांबला.

"तुमच्या वकीलबाईंचं सगळं लिहिलेलं मी वाचलं, वर्ना," तो म्हणाला. "आई गेली त्या हिवाळ्यात तुम्ही रोज यायचात. तेही वैरभावानं?"

"नाही, कर्टिस."

"मग तसं का नाही बोललात?"

"बोलले असते तर हरले असते." त्यांनी एवढं प्रामाणिकपणे सांगितलं. मग त्यांच्या मनात जे वर्षभर सलत होतं ते बाहेर आलं. "पण तू का नाही बोललास? खालच्या कोर्टात तू साक्ष दिलीस. एक वाक्य बोलला असतास, की ह्या बाईनं माझ्या आईचं सगळं केलं, तर तिथं मैत्री आली असती. मैत्री आली की परवानगी आली. तुझ्या वकिलानं तुला विचारलं नाही?"

"विचारलं होतं. दोन्ही घरांचं काही येणंजाणं होतं का, म्हणून."

"मग?"

कर्टिस हातातल्या पान्याकडे बघत होता. "मी म्हटलं, विशेष काही नाही. आईला कुणी कसं न्हाऊ घातलं, ते कोर्टात मांडून जमीन सोडवायची? मला नाही जमलं ते."

टॉडनं तोंड फिरवलं. ज्या गोष्टीवर आम्ही जानेवारीपासून मूग गिळून बसलो होतो, ती गोष्ट त्याच्या हातात पहिल्या दिवसापासून होती, आणि त्यानं ती वापरली नव्हती. आमच्या गासड्या खाणाऱ्या त्याच्या गाई मला आठवल्या, मी तारेवर थुंकले होते ते आठवलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाई रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा मात्र एकदम म्हातारा दिसायला लागला. त्या चालत गेल्या आणि फाटकाच्या अलीकडे उभ्या राहिल्या. कर्टिसकडे वळून त्यांनी हात पुढे बांधले, शाळेतल्या पोरीसारखे.

"कर्टिस," त्या म्हणाल्या, "आम्ही वर जाऊ का?"

टॉड म्हणाला, "आई, हार्किनबाईंनी सांगितलंय ना..."

"तू गप्प बस."

कर्टिसनं त्यांच्याकडे पाहिलं. हे नेहमीचं, रीतीपुरतं विचारणं नव्हतं, हे त्यालाही कळलं. तो हो म्हणेल की नाही, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि सासूबाई दोन्हीसाठी तयार होत्या. टॉडनं ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं आणि आम्ही उन्हात थांबून राहिलो.